रेघेपुढचं साल

सोमवार, ४ मार्च

कॉम्प्युटर आला! आला म्हणजे अध्यक्षांच्या मेहुण्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आमच्या वाचनालयात आला. चालू केला की आधी खोकतो, मग उघडतो. अध्यक्ष म्हणाले, "आता महिन्याभरात सगळी पुस्तकं यात टाका." टाका! जशी काही भाजी पिशवीत टाकायचीय.

पण युक्ती सापडली. मोठ्या लायब्ररीचा सगळा कॅटलॉग ऑनलाइन आहे आणि आमच्यासारख्या लहानांना त्यातल्या नोंदी फुकट उतरवून घेता येतात. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर टाकायचा, डाउनलोड दाबायचं — लेखक, साल, पानं, विषय, सगळं तयार! आपण फक्त कपाटाचा नंबर भरायचा. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'स्थानिक वापरासाठी'. शिपाई मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाई, म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या." म्हटलं, हो! दळणारे दळताहेत, मग मी का नाही ओढायच्या?

एक गंमत. लेखकाच्या नावापुढे जन्मसाल असतं, मग एक छोटी रेघ. माणूस जिवंत असेल तर रेघेपुढे जागा मोकळी. गेला असेल तर तिथे साल. दिवसभर तेच बघत बसले. कितीतरी जण गेलेत आणि मला पत्ताच नाही.

बुधवार, ६ मार्च

मावशीला मारलंय!!

मुलांच्या कपाटापर्यंत आले होते. मावशीचं पुस्तक हाती लागलं — घरातल्या किड्यांवरचं, शाळेत विज्ञान शिकवायची तेव्हा लिहिलेलं, एकुलतं एक. कौतुकाने नंबर टाकला. नोंद उतरली. नाव बरोबर, आडनाव बरोबर, १९४४ बरोबर, रेघ — आणि पुढे २०१९! डोळे चोळून पुन्हा पाहिलं. सकाळीच तर ही बाई मला म्हणाली होती, चहात साखर कमी आहे.

नावावर टिचकी मारली तर याच लेखिकेची आणखी पाच पुस्तकं. रहस्यकथा! मावशी आणि रहस्यकथा? जिने उभ्या नोकरीत खोटं कारण सांगून एक रजा घेतली नाही, ती खून पाडणार? ही कोणीतरी दुसरी बाई. नाव तेच, आडनाव तेच, आणि तिकडच्या कुणा शहाण्याने दोघींना एकाच दाव्याला बांधलंय. ती गेली असणार, तिच्यापायी आमचीही गेली. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

गुरुवार, ७ मार्च

मावशीला सांगितलं. वाटलं होतं भडकेल. खरं सांगायचं तर भडकावी म्हणूनच सांगितलं. पूर्वीची मावशी असती तर म्हणाली असती, "कोण तो गाढव? लाव त्याला फोन!"

खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मानही न वळवता म्हणाली, "२०१९ ना? बरोबरच लिहिलंय की."

आई गेली ते साल.

दोघी बहिणी लहानपणी एका खोलीत वाढल्या, म्हातारपणी पुन्हा एका खोलीत राहिल्या, आणि दिवसभर भांडल्या. पंखा किती, खिडकी उघडी की बंद, दुधाला भांडं कुठलं. आई गेली आणि मावशीचं भांडायचं माणूस गेलं. तेव्हापासून ही अशी. शब्दकोडं बंद, फिरायला जाणं बंद. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. डॉक्टर म्हणतात, आता थांबाल तर पुढे काढणं अवघड जाईल. ही म्हणते, "आता बघायचं काय राहिलंय?"

मी म्हटलं, "आमच्याकडची नोंद मी दुरुस्त केलीय. उतरवलेली कॉपी आपली असते. साल खोडून टाकलं."

"आणि मोठ्या लायब्ररीत?"

"तिथे अजून तसंच आहे."

"मग मी स्थानिक वापरापुरती जिवंत म्हणायची," मावशी म्हणाली.

बोलली गमतीचं, पण हसली नाही. मला हसूही येईना, रडूही येईना. रागच आला. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

शुक्रवार, ८ मार्च

मोठ्या लायब्ररीला मेल टाकला. या दोन वेगळ्या बायका आहेत, कृपया वेगळ्या करा. एक आत्ता माझ्या घरी बसून साखरेवरून कुरकुरते आहे. — हे शेवटचं वाक्य पाठवण्याआधी काढलं.

सोमवार, ११ मार्च

आज मी स्वतःच्या हातांनी मावशीला पुन्हा मारलं! त्या पाच रहस्यकथा आमच्याकडेही निघाल्या. त्यांच्या नोंदी उतरवत होते. मध्येच कॉम्प्युटरने विचारलं, 'लेखकाची जुनी माहिती बदलू का?' मी आपलं सवयीने 'हो' दाबलं. झालं! २०१९ परत हजर.

शिपाई म्हणाला, "बाई, जिवंत करायला वेळ किती लागतो?" म्हटलं, दोन मिनिटं. "मग आधी चहा घ्या, गार होतोय."

मंगळवार, १२ मार्च

पाचही पुस्तकं घरी आणली. मावशीला म्हटलं, तुझ्या नावावर काय काय खपतंय ते ऐक तरी. नको नको म्हणत होती. मी मोठ्याने वाचायलाच लागले. पहिल्याच्या पहिल्याच पानावर कुणा पाजी वाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवलंय — 'खुनी: कंपाउंडर'. तेही वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "मग वाचतेस कशाला पुढे?" पण उठून गेली नाही.

विसाव्या पानाला म्हणाली, "कंपाउंडर कसा असेल? त्याला तर जिना चढवत नाही." मी न ऐकल्यासारखं करून वाचत राहिले.

शनिवार, १६ मार्च

आज पाचवं संपलं. रोज संध्याकाळी घसा फोडून वाचतेय, पण काय झालं आज!

गोष्ट अशी — एक म्हातारा घड्याळजी. त्याला मधमाशीचा डंख सोसत नाही, हे खुन्याला ठाऊक. खोलीत मधमाशी सोडतो. माशी घड्याळजीला चावते, तो मरतो. मग उडून —

"थांब!" मावशी ओरडली. "काय वाचलंस?"

"माशी उडाली आणि पुतण्याच्या मानेला चावली."

"तीच माशी?"

"तीच."

"अगं, मधमाशी माणसाला एकदा डंख मारते आणि मरते! डंख कातडीत रुततो, पोटासकट तुटून येतो. दुसऱ्याला चावायला ती उरतेच कुठे? सातव्या पानावर लिहिलंय मी! माझं नाव लावायचं तर निदान माझं पुस्तक तरी वाचायचं बाईने!"

आणि उठून उभी राहिली! भिंग शोधलं, पुस्तक माझ्या हातातून हिसकावलं, नाक पानाला टेकवून स्वतः खात्री केली. "आणि ही खिडकी! सुरुवातीला आतून बंद, पुढे सताड उघडी. उघडली कुणी? माशीने?" गाल लाल झाले होते. पाच वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता मी. पाणी आणते म्हणून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

खिडकी कुणी उघडली, ते शेवटपर्यंत कळत नाही. शेवटच्या पानावर एकच ओळ — 'लेखिकेची लेखणी इथे थांबली.' छापल्याचं साल २०१९.

"गेली बिचारी," मावशी म्हणाली. "खिडकी उघडीच टाकून गेली."

सोमवार, १८ मार्च

मावशीने आपणहून विचारलं, "डोळ्यांची तारीख कधीची मिळेल?" मी घाईघाईने फोन केला, मन बदलायच्या आत! पुढल्या महिन्याची पाच मिळाली. "ती पुस्तकं मला स्वतः वाचायचीत. तू मधलं मधलं खातेस." बरं बाई, खाते! दहादा खाते!

मंगळवार, १९ मार्च

जेवताना, दात घासताना, सारखं एकच. विष असं चढत नाही, प्रेत असं तरंगत नाही, कंपाउंडर जिना चढलाच कसा. त्या बाईला लिहायचं पत्र म्हणे तोंडपाठ तयार झालंय. मी म्हटलं, अगं पण ती नाही ना आता. "माहितेय," म्हणाली, आणि पुढची चूक सांगायला लागली.

शुक्रवार, २२ मार्च

मोठ्या लायब्ररीचं उत्तर! तिथल्या नोंदणीवाल्या बाईंनी फार नीट लिहिलंय. झाल्या प्रकाराबद्दल क्षमस्व. दोन्ही लेखिका वेगळ्या केल्या. मृत्यूचं साल रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंचं होतं, त्यांच्या शेवटच्या पुस्तकातल्या शेवटच्या ओळीवरून घेतलं होतं. नियमाप्रमाणे त्यांच्या प्रकाशकांनाही विचारलं आहे, आणि तक्रार माझी म्हणून माझा फोन नंबर त्यांना दिला आहे.

आणि मावशी — १९४४, रेघ, पुढे मोकळं! नोंद ताबडतोब उतरवून घेतली. शिपायाला दाखवली, अध्यक्षांना दाखवली. अध्यक्षांना काही कळलं नाही, पण अभिनंदन म्हणाले.

धावत घरी आले. "मावशे, आता सगळीकडे जिवंत!"

"आणि ती?"

"ती... तिच्यापुढे लागलं ना ते साल."

"म्हणजे माझं उचललं आणि तिला दिलं."

"अगं, तिचंच होतं ते!"

मावशी म्हणाली, "पत्र मग कुणाला घालू?" आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. माझ्या एवढ्या आनंदावर पाणी. मीच मूर्ख! कागदावर ती गेल्याचं पक्कं होईपर्यंत मावशीने मनात तिला जिवंत ठेवलं होतं. पक्कं करून दिलं मी.

सोमवार, २५ मार्च

"डोळे राहू देत." आजपासून हा नवा हेका.

एकदा समजावलं, दोनदा समजावलं, मग ओरडले. म्हाताऱ्या माणसावर असं ओरडायला नको होतं. ती मात्र उलटून ओरडली नाही, तेच जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाली, "भांडायला कुणी मिळतं, आणि जातं. दर वेळी मागे मीच का राहायचं गं?"

जवळ बसले. हात धरायला गेले तर म्हणाली, हात गार आहेत तुझे.

डॉक्टरांना नाही म्हणून कळवायचंय. अजून कळवलं नाही.

बुधवार, २७ मार्च

शेवटच्या कपाटाच्या नोंदी उतरवल्या. काम संपत आलं. शिपाई म्हणाला, "चेहरा असा का? आता सगळं तयार झालं की." मी म्हटलं, सगळंच नाही मिळत आयतं.

गुरुवार, २८ मार्च

सकाळी चपला घालत होते, तर फोन. बाईमाणूस, आवाज खणखणीत. "तुम्हीच का वाचनालयवाल्या? अहो, प्रकाशकाचा फोन आला, मी जिवंत आहे का विचारायला. मलाच विचारतोय! लेखणी थांबली असं लिहिलं होतं हो, मी कुठे थांबलेय?"

नुसता फोन मावशीपुढे धरला. "कोण?" म्हणाली. म्हटलं, "ती. दुसरी."

ना नमस्कार, ना ओळख. मावशीने फोन ओढून घेतला — "आधी हे सांगा, खिडकी कुणी उघडली?"

पलीकडून एवढ्या मोठ्याने आवाज आला की मलाही ऐकू गेलं — "अगंबाई! ते राहिलंच की!"

"राहिलंच?" मावशी कडाडली. "आणि मधमाशीचं काय?"

तासभर झाला. अजून भांडताहेत. वाचनालय उघडायला उशीर झाला, होऊ दे! मघाशी मावशीने फोनवर तळवा ठेवला आणि माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस? डॉक्टरला सांग, पाच तारीख पक्की. आणि हा चहा परत कर, साखर कमी आहे."