माझ्या सोमवारांना वारस नाही

मी, धुरपताबाई भ्र. कै. बलभीम वाकुरे, वय ६८, धंदा शिवणकाम, राहणार बेंबळी, ता. जि. धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. कोणाचा दाब नाही. मला दाबणारं माणूस गावात अजून जन्माला यायचं आहे. डोकं ठिकाणावर आहे आणि आज दुखतही नाही.

१. राहतं घर मुलगा श्रीनाथ आणि सून ज्ञानेश्वरी यांना निम्मं-निम्मं. शिलाई मशीन एकट्या ज्ञानेश्वरीचं. त्याला तेल मात्र श्रीनाथनं घालावं. जन्मभर आईनं शिवलेले शर्ट घातले, तेवढं तरी करावं.

२. बँकेतली ठेव नात समृद्धीच्या शिक्षणाला. लग्नाला त्यातला रुपयाही लावू नये.

३. आता मुख्य मिळकत. सासूबाई विठाबाई यांनी जाताना माझा हात धरून सांगितलं, "माझे सोमवार तुझ्या पदरात घातले बघ. मोडू नको." आमच्यात सासूचा उपवास सून पुढं चालवते. मी बावीस वर्षं चालवला. दिवसभर नुसता चहा, जेवण एकदम रात्री. आणि दुपारी अर्धशिशी ठरलेली. निम्मं डोकं फुटायचं, उजेड सोसायचा नाही, डोक्याला फडकं बांधून पडून राहायची. दुखो न दुखो, दुकानातली गोळी तर रोजचीच.

४. धाराशिवच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, दुखलं की कॅलेंडरवर फुली मारा. काय खाल्लं, किती झोपलात, तेही लिहा." तीन महिन्यांनी बघितलं तर निम्म्याहून जास्त फुल्या सोमवार-मंगळवारी. मग उपवासाचं रीतसर उद्यापन केलं. सकाळी वेळेवर भाकरी, चहा दोनच कप, दहाला झोप. गोळीही बाईंच्या सांगण्यावरून सोडली. रोज खाल्ली की तिच्यानंच डोकं धरतं म्हणे. महिन्यातून दहादा दुखायचं ते दोनवर आलं. पार गेलं नाही. प्रत्येकीचं कारण वेगळं असतं, असंही बाईंनी बजावलं आहे.

५. जाऊबाई उमादेवी तेव्हा म्हणाल्या, "देवाचं मोडलंस, आता बघ काय व्हतंय." काय झालं? माझं वजन चार किलोनं वाढलं. त्यांना माझं भिंतीवरचं घड्याळ द्यावं. त्यांनी वेळेवर जेवावं आणि दुसऱ्याच्या ताटात बघू नये. आता राग नाही. होता तो घड्याळाबरोबर देऊन टाकला.

६. ज्ञानेश्वरीला दोन वर्षांपासून तीच अर्धशिशी लागली आहे. तरी परवा म्हणाली, "आत्या, तुमच्या मागं सोमवार म्या धरीन. उमाकाकू म्हणत्यात, न्हाय तर घराला लागंल." मला रडूच आलं. पोरी, सदर सोमवार मी कोणाच्याही नावे करत नाही. ते माझ्यापाशी संपले. ज्या महादेवानं विष पचवलं त्याला तुझी एक भाकरी जड जात नाही. घराला काही लागलंच तर मी वर जाऊन निस्तरते.

७. मी गेले की मला नेईपर्यंत रीतीप्रमाणं घरात चूल पेटणार नाही. तेव्हा शेजारून भाकरी आणून ज्ञानेश्वरीला आधी जेवू घालावं, माझ्याजवळच बसवून. लोक नावं ठेवतील, ठेवू द्यावीत. मी थांबेन. तिचं डोकं थांबत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच मनातला आहे, म्हणून दोघांसमक्ष सही केली.

सही: धुरपताबाई वाकुरे

साक्षीदार:
१) शंभुलिंग कोरे, शेजारी, बेंबळी (भाकरी यांच्या घरून येईल, कबूल झाले आहेत)
२) डॉ. महेश्वरी पाटणे, धाराशिव

ठिकाण: धाराशिव
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार, जेवण करून