पंख्यातला दोरा

जळगाव, कोजागिरी, १९९४

चोपड्याच्या वाटेवर आज गाडी तापली. रेडिएटरपुढचा विजेचा पंखा फिरेचना. ड्रायव्हर नानांनी दोनदा फ्यूज बदलला, दोन्ही उडाले. मी चारचौघांत ओरडलो, "बारा वर्षं गाडी चालवता, एक पंखा सांभाळता येत नाही?" त्यांनी पाणी ओतत ओतत गाडी घरी आणली, किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

संध्याकाळी मिस्त्रीने जाळी काढली. पंख्यात झेंडूच्या माळेचा दोरा करकचून गुंडाळलेला. दसऱ्याला माळ मीच बांधली होती. दुसऱ्याच दिवशी नाना म्हणालेही होते, "भाऊ, माळ काढी टाकू का?" मीच म्हणालो, राहू द्या, शोभा आहे. कसली शोभा!

दोरा किल्लीशेजारीच पडलाय. उद्या सावद्याला त्यांच्या घरी किल्ली घेऊन जाईन. पण दोरा न्यायचा धीर होईल का?