पाचचं बटण

रविवार, १६ मे २००४, छावणी

राग अजून जात नाहीये. दादानं पुण्याहून आपला जुना मोबाइल अण्णांना पाठवला. बापाची सोय केली म्हणे. अण्णांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून आज दुपारी मी एकेका बटणावर एकेक नंबर लावून दिला. नुसतं बटण दाबून धरायचं, फोन लागतो. एकचं बटण कंपनीचं, म्हणून दोनपासून सुरुवात, अण्णा सांगतील तसं. दोनवर कोण? दादा. तीनवर? वहिनी. चारवर? टँकरवाला. समोर नव्या इमारती झाल्यापासून अण्णांची बोअर आटलीय, मान्य. पण टँकरवाला!

"आणि मी, अण्णा?"

"तू तर रोजच येतीस. तुला कशाला बटण?"

रोज येते. छावणीतून गारखेड्याला, डबा घेऊन, या उन्हात. दादा फक्त दिवाळीला येतो, त्याला पहिलं बटण. पाचवर गुपचूप माझा नंबर टाकला. कशाला टाकला?

संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढते तोच अण्णांचा फोन. पाचचं बटण! मला खरंच वाटलं, नीट पोचलीस का म्हणून विचारतायत. मी हॅलो म्हणायच्या आत अण्णा सुरू झाले, "काय हो, टँकर कधी पाठवताय? हौद कोरडा पडलाय इथं."

चारऐवजी पाच दाबलं होतं.

"सकाळी येईल," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि ठेवला. माझा आवाजसुद्धा ओळखला नाही.

मग मीच टँकरवाल्याला फोन लावला. त्याचा नंबर मला पाठ आहे.