गार्डसाहेबांचा कोट

मंगळवार, १२ मार्च

प्रिय छकुली,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत. जावयांचा खोकला गेला का? त्यांना म्हणावं, औषध बाटलीत ठेवून खोकला जात नसतो.

आता कामाचं. तू आणि दादानं ठरवलंत, बाबा तुझ्याकडे, मी दादाकडे, दुकानाला कुलूप. रविवारी गाडी घेऊन येतेस म्हणे. वा गं वा! भांडी वाटून घ्यावीत तसे आईबाप वाटून घेतलेत? जेवायला खुशाल ये. न्यायला येऊ नकोस.

बाबांनी गार्डसाहेबांच्या कोटाचं कापड वाया घालवलं, म्हणून हा सगळा घाट. यांचा हात थरथरतो, खरं आहे. सकाळी सदऱ्याची बटणं मीच लावते. मग चहा, मग हे माझ्या डोळ्यांत थेंब घालतात. पहिला गालावर, दुसरा कानात, तिसरा कधीतरी डोळ्यात. रोज हसतो. थेंब साधेच आहेत, लगेच फोन करू नकोस.

दुकानातली रीत तुला माहीत आहे. बाबा माप घेणार, मी वहीत लिहिणार. कापताना मी वाचणार, ते खडूनं आखणार, आणि मी "कापा" म्हटल्याशिवाय कात्री हलणार नाही. अडतीस वर्षं हेच. तू पोटात होतीस तेव्हा आमचं असं वाजलं की आठवडाभर मी तेवढा एकच शब्द बोलत होते.

त्या दिवशी गार्डसाहेब समोरच बसले होते. वहीत छाती शेहेचाळीस होती. मी त्रेचाळीस वाचली आणि म्हटलं, "कापा."

माप यांनीच घेतलेलं. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कापलं. तुकडे अंगाला लावले तर पुढच्या बाजू एकमेकींना भेटेनात. हे म्हणाले, "साहेब, हात घसरला माझा."

घरी येऊन मी यांना फैलावर घेतलं. "कळत होतं तर थांबायचं होतंत!" तर म्हणे, "तुला दिसत नाही, हे त्यांच्यासमोर सांगू? कापड काय, दुसरं मिळतं."

इथं यांनी पेन खाली ठेवलं. हे नको म्हणाले. मी म्हटलं, लिहा. हो, अक्षर यांचंच आहे, तू पाकिटावरच ओळखलं असशील. चार महिने झाले, मला ओळी दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. तुला सांगितलं असतं तर तू गाडी तेव्हाच आणली असतीस.

दुसरं कापड आणलं. आता मापं वहीत नाहीत, सुतळीत. छातीच्या सुतळीला एक गाठ, कमरेच्या दोन, बाहीच्या तीन. मी बोटांनी चाचपून कापडावर धरते. हे कात्री चालवतात तेव्हा मनगट मी दाबून धरते. सुईत दोरा ओवायला पाव तास आणि दोन भांडणं लागतात. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असं लोक म्हणतील. म्हणू देत! आमच्या पिठाला अजून कुणी तोंड लावलेलं नाही. काल गार्डसाहेब आरशासमोर कोट घालून दोनदा गिरकले आणि जाताना विजारीचं माप देऊन गेले.

तुझ्याकडे बटणं लावायला माणूस मिळेल. दादा थेंबही नेमका घालेल. पण तिथं आम्ही दोन घरांतली दोन म्हातारी माणसं होऊ. इथं अजून शिंपी आहोत. डोळे जाण्याची भीती वाटते गं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी हे शेजारी नसतील, याची त्याहून जास्त वाटते.

पत्र यांनी लिहिलं, सही मी करते आहे. ओळीवर बसली नाही तर या वेळी तरी बाबांना दोष देऊ नकोस.

कुणाच्याही वाटणीला न येणारी,
तुझी आई