अभिनंदनाचा फ्लेक्स

गंगापूर रोड, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास मोहिनीचा सा. न. वि. वि.

पाड्यावर रेंज नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. तू टीबीतून बरा झालास याचा आनंद माझ्यापेक्षा आमच्या संस्थेलाच जास्त झालाय. टीबी आणि एचआयव्हीच्या कामासाठी आम्हाला परदेशातून पैसे येतात आणि यंदा देणाऱ्यांचा आग्रह आहे ‘स्थानिक भागीदारी’चा. स्थानिक म्हणजे काय, यावर आमची इंग्रजीतून कार्यशाळा झाली. शेवटी आमचे संचालक शेखर सर म्हणाले, वाढदिवसाला लावतात तसा फ्लेक्स लावू. तुमच्या स्टँडवर तुझा फोटो आणि खाली ‘टीबीवर मात केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’! पेशंटचं नाव गुप्त ठेवायचं असतं, असं मी म्हणून पाहिलं. सर म्हणाले, अभिनंदनात कसली आली गुप्तता? फोटो मीच दिला, लग्नातला, कोटवाला. रागावू नकोस.

बाचा खोकला गेला का? नसेल तर त्याला तपासायला ने.

वहिनीला नमस्कार. तुझी माया आहेच, ती राहू दे.
मोहिनी

९ डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

फ्लेक्स पाहिला. मी इतका देखणा आहे हे मला माहीत नव्हतं. मला टीबी झाला होता हे गावाला माहीत नव्हतं. आता दोन्ही सगळ्यांना कळलं. स्टँडवरचा चहावाला बाकीच्यांना काचेच्या ग्लासात चहा देतो आणि मला कागदी कपात.

बा तपासायला यायला तयार नाही. म्हणतो, टीबी निघाला तर मलाबी असंच खांबाला टांगतील, मी नाय जायचा. तो एकटाच नाही, सगळं गाव आता खोकला गिळतंय. सरकारी दवाखान्याची आशाताई थुंकी तपासायच्या डब्या वाटून गेली, त्यांत म्हाताऱ्यांनी चुना भरून ठेवलाय.

मोहिनी, बा वाळत चाललाय. आई अशीच गेली होती. मला फार भीती वाटते. काहीतरी सुचव, पण फ्लेक्स नको.
किशोर

१६ जानेवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

परदेशी पाहुणे येऊन गेले. फ्लेक्स लागल्यापासून तुमच्या गावात एकही नवा पेशंट नाही, असा आलेख सरांनी दाखवला. मी उठून सांगितलं की लोक तपासायलाच येत नाहीत. दुभाष्याने त्याचं काय केलं देव जाणे, पाहुण्यांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

आता ऐक. बाला कांदा लागवडीचं निमित्त सांगून चांदवडला ने. तिथे आपली मावसबहीण छाया आहे. ती त्याला सरकारी दवाखान्यात नेईल. तिथे बाला कुणी ओळखत नाही आणि मुख्य म्हणजे तिथे आमची संस्था नाही!

काळजीत आहे. लगेच कळव, हीच माया समजेन.
मोहिनी

२६ मार्च २०२५

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

बाला टीबीच निघाला. एचआयव्हीचीही तपासणी केली, ते काही नाही. दोन महिने गोळ्या चालू आहेत, आता त्या घेऊन तो घरी आलाय. खोकला थांबलाय, नागलीची भाकरी मागून खातो. मी छायासमोर रडलो, तुला सांगायला लाज कसली. पत्ता छायाचा दिला होता, त्यामुळे पेशंट चांदवडचा धरला गेला आणि आपलं गाव कागदावर स्वच्छ राहिलं.

परवा तुझे शेखर सर ‘टीबीमुक्त गाव’ असा नवा फ्लेक्स घेऊन आले. ज्येष्ठ ग्रामस्थ म्हणून शाल-नारळ कुणाला, तर बाला! बा सकाळच्या गोळ्या घेऊन वेळेवर हजर. फोटोत छान हसलाय. जुना फ्लेक्स त्याने सरांकडून मागून घेतला, आता मी गोठ्यावर उलटा पडलोय.

सत्कार संपल्यावर शेजारचे रावजीकाका बाला बाजूला घेऊन विचारत होते, चांदवडला कांद्याला माणसं लागतात का. त्यांना चार पावलं टाकली तरी धाप लागते. त्यांच्यामागे आणखी तिघं उभे होते, तोंडावर उपरणं धरून. छायाला फोन करून ठेव, उद्याच्या गाडीने मी चौघांना घेऊन निघतोय.

माया असू दे. फोटो मात्र कुणाचा देऊ नकोस.
किशोर