विलायती गाडीच्या चाकाखालचं लिंबू

अण्णा,

दसरा, साल एकोणीसशे सत्तावन्न, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. वेळ अचूक आहे, कारण शेठांच्या दिवाणखान्यातलं लंबकाचं घड्याळ मला खिडकीतून दिसत होतं आणि तुमच्या तोंडाकडे बघायची माझी तयारी नव्हती. तक्रारीत आधी दिवस आणि वेळ लिहावी, मग अन्याय, मग मागणी आणि शेवटी मुदत, असं कॉन्व्हेंटात सिस्टरनं शिकवलं होतं. पुढे नगरपालिकेत आवक टपालाच्या टेबलावर बसून मी तीस वर्षं लोकांच्या तक्रारी वाचल्या. एकालाही हे धड जमलं नाही. म्हणून आता निवृत्त झाल्यावर स्वतःची एक लिहून दाखवते.

अन्याय असा. मिठागराच्या शेठांची इंग्लंडहून बोटीनं आलेली मोटार अंगणात उभी होती. तुम्ही तिचे ड्रायव्हर. पहाटेपासून पुसून पुसून तुम्ही तिचा आरसा केला होता. झेंडूची माळ शेठाणीबाईंच्या आग्रहाखातर कशीबशी सहन केलीत. मी आपल्या वाडीतलं एक लिंबू फ्रॉकच्या खिशातून आणलं आणि पुढच्या डाव्या चाकाखाली हळूच सरकवलं. तुम्ही ते काढलंत, शेठ, भटजी आणि मिठागरावरच्या सगळ्या माणसांसमोर माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, "लिंबू बैलगाडीला. ही विलायतेची गाडी हाय, हिला नजर लागत नाय. जा घरी." सगळे हसले. भटजीसुद्धा हसले, ज्यांनी स्वतःच्या सायकलीला मिरच्या बांधल्या होत्या. मी घरी, गिरीजपर्यंत चालत आले ते रडत नाही, दात खात. त्या लिंबाचं आईनं सरबत केलं आणि शेठांना घेऊन नाशकाहून परतल्यावर तुम्ही त्याचे दोन पेले प्यालात. नजर न मानणाऱ्या माणसाला सरबत मात्र चालतं.

नाशकाहून म्हणजे कसारा घाटातून. लिंबू गाडीसाठी नव्हतंच, अण्णा. घाटातून तुम्ही जाणार होता, आणि आदल्या आठवड्यातच तिथे एक ट्रक खाली गेल्याचं आई शेजारणीला सांगत होती. पण हे तेव्हा विचारलं कोणी?

तुमची त्या गाडीवरची भक्ती मला ठाऊक नव्हती असं नाही. तिच्यासोबत एक इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. आई म्हणायची, "पोरीला मडमांच्या शाळेत घातली ती गाडीचं पुस्तक वाचायला." थट्टा होती, पण खोटी नव्हती. रविवारी आई चुलीवर बोंबील भाजत असते, मी पाटावर बसून वाचते, मराठीत सांगते, आणि तुम्ही डोळे मिटून हवेत पाना फिरवता. एक शब्द अडला तर दुसऱ्या दिवशी सिस्टरला विचारून यायचं. इतर मुली तिला येशूच्या गोष्टी विचारायच्या, मी क्लचबद्दल विचारायचे. सिस्टरनं बिचारीनं फादरना विचारून मला उत्तर दिलं होतं. त्या दसऱ्यानंतरच्या रविवारी मी वाचायला नकार दिला, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यात लिंबू लिहिलं असंल तर दाखव. मी सोता जाऊन ठेवतो." मी पूर्ण पुस्तक पालथं घातलं. नव्हतं लिहिलेलं.

आता ऐका. गेल्या वर्षी सकाळी पेपर उघडला तर पहिल्याच पानावर, इंग्लंडची ती मोटारींची कंपनी आपल्याकडे ट्रक बनवणाऱ्यांनी विकत घेतली. इंग्लंडच्या साहेबांनी ती आधी अमेरिकेच्या साहेबांना विकली होती, हे तुम्हाला कोणी कळवलंच नाही. बरं झालं, तुमचं जेवण गेलं असतं. यंदा म्हणे हॉलंडची एक टायरची कंपनीही आपल्याच लोकांनी घेतली. म्हणजे गाडी आपली, चाक आपलं, आणि लिंबू तर पहिल्यापासून आपलंच.

एवढ्यावर थांबले असते तर मी तुमची मुलगी कसली. भाचीला घेऊन मी मुंबईला शोरूममध्ये गेले. गाडी घ्यायला नव्हे, पुरावा घ्यायला. काचेच्या त्या महालात एक निळी गाडी गिऱ्हाइकाला देत होते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू. शेजारी एक खराखुरा इंग्रज उभा, कपाळाला टिळा. मी त्याला सिस्टरच्या इंग्रजीत विचारलं, हे तुमच्या पुस्तकात लिहिलंय का? तो हसून म्हणाला की पुस्तकात नाही, पण लिंबाशिवाय इथून गाडी हलत नाही असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं, आणि मी वाद घालणारा कोण? ऐकलंत? तो वाद घालत नाही. विलायतेचा असून. तुम्ही गिरीजचे असून घातलात.

तेव्हा मागणी. 'लिंबू बैलगाडीला' हे वाक्य मागे घ्यावं, लेखी. कारण आता निकड आहे. आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी ही भाची पहिली गाडी घेतेय. पूजा मात्र आपल्याच अंगणात हवी, असा तिचा हट्ट. दसऱ्याला गाडी येणार आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी हायवेनं ठाण्याला नोकरीला जाणार. त्या हायवेवरचे ट्रक मी पाहिलेत. काल फोनवर तिनं विचारलं, "मावशी, लिंबू तू ठेवशील ना?" मी म्हटलं, बघू. बावन्न वर्षांनी पुन्हा माझ्या हातात लिंबू, आणि मी म्हणते बघू.

उत्तर दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांच्या आत पोचावं. तोंडी निरोप, स्वप्न, कावळा वगैरे ग्राह्य धरला जाणार नाही. पत्र टपालात टाकणार नाही. शेठांनी गाडी विकली तेव्हा ते पुस्तक तुम्हाला दिलं होतं. ते अजून माझ्या कपाटात आहे, चाकांच्या पानात हे ठेवते. तुम्हाला कुठे बघायचं ते माहीत आहे.

एक गोष्ट सिस्टरच्या नमुन्यात बसत नाही, तरी लिहिते. माझी स्कूटर झाली, यांची जीप झाली, पण एकाही चाकाखाली मी लिंबू ठेवलं नाही. तुम्ही नाही म्हणाला होता. यंदा झाडावरची चार चांगली लिंबं हेरून ठेवली आहेत. पण अण्णा, तुमचं उत्तर आल्याशिवाय ती तोडायचा मला धीर होत नाही.