मुठीत मावणारं जॅकेट

दि. १२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं ते तू मागच्या पत्रात लिहिलंच नाहीस. तिलाच दोन ओळी लिहायला सांग, तुझ्यापेक्षा नीट कळतं.

पत्रास कारण, मला रेनकोट हवाय. जुना निकामी झाला. कसा ते विचारू नकोस, म्हातारा झाला होता एवढंच समज. पाऊस आला की लोक घरात जातात आणि माझी नोकरी घराबाहेर सुरू होते. नदीच्या मोजपट्टीपर्यंत बांधावरून चार किलोमीटर सायकल, पाणी किती चढलं ते वहीत लिहायचं, बंधाऱ्यावरच्या दारवाल्या काकांना फोनवर आकडा सांगायचा (तो वाढला की ते दारं उघडून तुंबलेलं पाणी पुढे सोडतात) आणि परत. जोराचा पाऊस असला की दर दोन तासांनी हेच.

दुकानात दोन जॅकेटं पाहिली. एक जाडजूड. दुकानदार शपथेवर सांगतो की थेंबभर पाणी आत जाणार नाही. दुसरं इतकं हलकं की घडी करून मुठीत मावतं, पण त्याच्यावर माझा काही विश्वास बसत नाही. तंबू आणि रेनकोट दुरुस्त करण्यात तुझा जन्म गेला, तेव्हा तूच सांग. लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
ठमी

दि. १९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीचा गुडघा बरा आहे. जिना चढताना कुरकुरतो, पण वहिनीपेक्षा कमी. (हे तिने वाचलंय.)

जाड जॅकेट घेऊ नकोस. थेंब आत जाणार नाही हे खरं, पण घामही बाहेर जाणार नाही. दहा मिनिटं पायडल मारलंस की स्वतःच्याच पाण्यात भिजशील. हलकं जॅकेट उलटं करून बघ. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. सुई जिथून गेली तिथून पाणी येतंच. काखेत वारा जायला चेन असावी. आणि टोपी डोक्याबरोबर वळायला हवी, नाहीतर तू मान वळवशील आणि तुला टोपीचं अस्तर दिसेल.

आता दुसरं. तुझं अक्षर शाळेपासून ओळखतो. या वेळी सगळ्या ओळी उताराला लागल्यात आणि जोडाक्षरं अर्धवट सुटलीत. उजव्या हाताला काय झालंय? खरं लिही. आई गेल्यापासून तुला रागवायला मी एकटाच उरलोय, ते काम मला नीट करू दे.

तुझा,
दादा

दि. २५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला पोलिसात घ्यायला हवं होतं.

पडले. जुन्या रेनकोटचा घोळ वाऱ्याने उडून साखळीत गेला आणि चाक जागच्या जागी थांबलं. मी बांधाच्या नदीकडच्या उतारावरून घसरत गेले ती एका झुडपाला अडकले. मनगट मुरगळलंय, मोडलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधलीय आणि दोन आठवडे सायकल बंद केलीय. तोवर कचेरीतला एक सहकारी फेऱ्या मारतोय.

तुला खोटं कशाला सांगू, खूप घाबरले. पाय पाण्यापासून हातभर अंतरावर होते आणि मला काय सुचावं, तर वही भिजली का ते मी बघत होते. वर चढून आल्यावर मात्र बांधावर बसून रडले. कोणी नव्हतं ते बरं झालं.

पण नोकरी सोड असं लिहू नकोस. नदीकाठच्या खालच्या गल्लीतली माणसं माझ्या आकड्याच्या भरवशावर झोपतात. मला त्याचा अभिमान वाटतो. रागवून झालं की माया कर.

तुझी,
ठमी

दि. ४ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोड असं मी लिहिलंच होतं, दोन पानं भरून. वहिनीने ते पत्र टपालात टाकू दिलं नाही. म्हणाली, त्यापेक्षा पोरीला धड जॅकेट पाठवा.

म्हणून तू लिहिलीस तशी दोन्ही जॅकेटं इथे विकत आणली. बनियनवर छातीला, पाठीला, खांद्यांना वर्तमानपत्र टाचलं, वरून जॅकेट घातलं आणि न्हाणीघरात फवाऱ्याखाली पंधरा मिनिटं उभा राहिलो. जाड्यात कागद कोरडा. हलक्यात डाव्या खांद्यावर रुपयाएवढा डाग. मग दोन्ही घालून तीन मजल्यांचा जिना आठ-आठ वेळा चढलो. जाड्यात घामाने कागदाचा लगदा झाला आणि शाई बनियनवर उतरली. वहिनी म्हणते की मागच्या आठवड्याचा बाजारभाव आता माझ्या पाठीवर वाचता येतो. हलक्यात कागद दमट झाला, पण फाटला नाही.

तेव्हा हलकंच पाठवतोय. डाव्या खांद्याची पट्टी सुटली होती, ती नव्याने चिकटवली. खाली कुठेही घोळ उरणार नाही असं इलॅस्टिक घातलं. रंग पिवळा आहे. तुला राखाडी आवडतो, माहीत आहे. पण राखाडी माणूस पावसात दिसत नाही. मुसळधार पावसात तासाभराने कुठलंही जॅकेट थोडं ओलं होतंच. तू ओली झालीस तरी चालेल, गारठू नकोस.

तुझा,
दादा

दि. २८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वर्तमानपत्रात आमच्या नदीचं वाचलं असशील. आधी हे वाच: मी धडधाकट आहे.

दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. मंगळवारी सकाळी मोजपट्टीवर पोचले, तर पाणी दोन तासांत अर्धा मीटर चढलेलं. फोन लावला, तो बंद. मग तशीच बंधाऱ्याकडे निघाले. आणखी तीन किलोमीटर, वारा समोरून. टोपी डोळ्यांवर आली नाही, जॅकेट कुठे अडकलं नाही. मी फक्त रस्ता बघत होते.

आकडा ऐकताच काका दारांकडे धावले. दारं हाताने चाक फिरवून उघडायची होती, कारण वीजही गेली होती. काका बासष्ट वर्षांचे, सकाळपासून उघड्यावर, दात वाजत होते. आम्ही पाळ्या लावल्या. जो चाक फिरवायचा त्याला आपोआप ऊब यायची, थांबलेला मात्र कुडकुडायचा. म्हणून जो थांबेल त्याने जॅकेट घालायचं असं ठरलं. दोन तास ते पिवळं जॅकेट त्यांच्या अंगावरून माझ्या आणि माझ्या अंगावरून त्यांच्या अंगावर फिरत होतं. आतून ओलं झालं होतंच, पण वारा आत येत नव्हता. तेवढ्यानेच निभावलं.

पाणी खालच्या गल्लीच्या पायऱ्यांपर्यंत आलं आणि तिथूनच उतरलं. एकाही घरात शिरलं नाही.

काल मोठे साहेब कचेरीत आले होते. जॅकेट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं की हे कुठलं. मी म्हटलं, आमच्या दादाचं. माझ्याखेरीज नदीवर सहा जण मोजणी करतात, सातवे काका. तशी सात बनवून देशील का, असं त्यांनी विचारलंय. तुझ्या उत्तराची वाट पाहतेय.

तुझी,
ठमी

दि. ३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. चाकापर्यंत आलो आणि पुढे वाचता येईना, मग उरलेलं तिनेच वाचलं. रागवायला काही सापडलं नाही, ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

सातही करतो. साहेबांना होकार कळव. कापड आजच सांगून ठेवलं. काकांचं जॅकेट आधी शिवेन आणि त्याला आतून गळ्यापाशी मऊ पट्टी लावेन. मापं मात्र तूच घे आणि एक लक्षात ठेव. कोणालाही ताठ उभं करून माप घेऊ नकोस. सायकलवर बसव, हात हँडलवर ठेवायला सांग, आणि वाकलेल्या पाठीवर टेप धर.

काकांना माझा नमस्कार सांग. आणि तुलाही एक, थोरल्याने धाकटीला करू नये तरी.

तुझा,
दादा